दोन खोल्या, सत्तर हजार आणि वऱ्हाडातला मे महिना

वऱ्हाडात किरायदार दोन वेळा पळतो. मे महिन्यात स्लॅब तापतो म्हणून, नाहीतर जुलैत स्लॅब गळतो म्हणून. भिंतीचा रंग आवडला नाही म्हणून खोली सोडून गेलेला माणूस मी अजून पाहिला नाही. तरी खोली किरायाने द्यायची म्हटली की आपण सगळे आधी रंगाच्या दुकानात जातो.

आमचं घर अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणी खारं आहे तिथे. खाली आम्ही दोघं. वर दोन खोल्या, एक १० बाय १२ ची आणि एक ८ बाय १० ची, गच्चीच्या कोपऱ्यात संडास-बाथरूम. जिना बाहेरून आहे, त्यामुळे वरच्या माणसाला आमच्या ओसरीतून जावं लागत नाही. पोरं शिकायला बाहेर पडली तसं वर तुरीची पोती, जुन्या गाद्या आणि तुटका पाळणा एवढंच उरलं. मी घरी शिवणकाम करते, हे शेती पाहतात, आणि सप्टेंबरात शेतकऱ्याच्या घरात रोकड किती असते ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून जे केलं ते मोजूनमापून केलं. तुमच्याकडेही गावात नाहीतर तालुक्याला अशा दोन खोल्या रिकाम्या असतील, हाताशी थोडेच पैसे असतील, आणि बँकेतला, शाळेतला किंवा दवाखान्यातला बदलीवर आलेला माणूस ठेवायचा असेल, तर हे तुमच्यासाठी.

आधी आकडा बांधा

किती पैसे घालायचे ते किरायावरून ठरवा. आमच्या गावात अशा दोन खोल्यांचे महिन्याला ३,००० रुपये येतात. दोन वर्षांचे झाले ७२,०००. मी आकडा ७० हजारांवर बांधला आणि घरात सगळ्यांना सांगून टाकला, म्हणजे पुढे कोणी फॉल्स सीलिंगचं नाव काढायला नको. दोन वर्षांच्या किरायापेक्षा जास्त घालू नये, कारण खोली बाराही महिने भरलेली राहत नाही. बदल्या होतात, मधे महिना-दोन महिने कोरडे जातात. तालुक्याला चार हजार मिळत असतील तर तुमचा आकडा वाढेल. दीड हजारच मिळत असतील तर टाइल्सचा विचार सोडा.

माझी वाटणी अशी होती: छत आणि भेगा १५ हजार, वीज १५, बाथरूम आणि पाणी १८, कुलरची खिडकी, जाळ्या आणि दारं १०, रंग ७. पाच हजार बाजूला, कारण भिंत फोडल्यावर आत काय निघेल हे मिस्त्रीलाही ठाऊक नसतं. बघा, रंग सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी आहे.

मापं स्वतः घ्या. ब्लाउजचं कापड गिऱ्हाइकाच्या सांगण्यावर कापलं तर काय होतं ते मला विचारा, खोलीचंही तसंच. १० बाय १२ च्या खोलीचा घेर ४४ फूट, उंची १० फूट, म्हणजे ४४० चौरस फूट भिंत. त्यातून दार-खिडक्यांचे ४५ वजा केले की ३९५ उरले. लहान खोलीच्या भिंती अशाच ३२५ च्या आसपास निघाल्या. दोन्ही छतं मिळून २००. सगळं ९२० चौरस फूट. हे वहीत लिहून ठेवलं होतं, म्हणून रंगारी अंदाजाने "बाराशे फूट होते" म्हणाला तेव्हा मी टेप पुढे केला.

काम कधी लावायचं

होळी झाली की. दिवाळीपासून पुढे कापूस वेचणीत माणूस मिळत नाही, मिळाला तरी रोजी चढलेली असते. एप्रिल अर्धा झाला की पाण्याची बोंब सुरू होते, आणि प्लॅस्टरला पाणी मारायला पाणीच नसेल तर ते प्लॅस्टर नखाने उकरता येतं. पावसाळ्यात रेतीघाट बंद. राहिला तो होळी ते रामनवमी-हनुमान जयंतीचा काळ. दुसरं असं की विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. बदलीवरचे गुरुजी-मॅडम त्याच्या आधी खोल्या पाहत फिरतात. तेव्हा तुमच्या खोलीत सिमेंटचा वास येत असला तर ते शेजाऱ्याची खोली घेऊन मोकळे होतात.

मिस्त्रीला रोजीने लावायचं की ठेक्याने, यावर आमच्या घरात दरवेळी वाद होतो. माझं म्हणणं असं की फरशी, टाइल्स, प्लॅस्टर ही फुटावर मोजता येणारी कामं ठेक्याने द्यावीत, आणि भेगा, गळती, गच्चीची फुटकी पाळ (कठडा) असली नाजूक कामं रोजीने, समोर बसून करून घ्यावीत. ठेक्यात भेग बुजवायला दिली की तिच्यावर नुसता सिमेंटचा हात फिरतो. माल मात्र दोन्ही वेळा आपणच आणायचा.

खारं पाणी

बाकीच्या महाराष्ट्रात हे कोणी लिहीत नाही, पण अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात बांधकामाचा अर्धा नाश पाण्याने होतो. बोअरचं पाणी फुकट आहे म्हणून मिस्त्री तेच मालात घालतो. वर्ष-दोन वर्षांत भिंतीवर पांढरा खार फुलतो, रंगाचे पोपडे निघतात, आणि सळईपर्यंत पोचलेला क्षार सळई गंजवतो. गंजलेली सळई फुगते आणि स्लॅबच्या खालचा थर ढलप्यांनी पाडते. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको असं लिहिलं आहे. आमच्या बोअरचं पाणी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, चूळ भरली तरी कळतं.

म्हणून नळ येतो त्या दिवशी शहानूर धरणाचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवायचं, आणि माल कालवायला, पाणी मारायला तेच वापरायचं. मिस्त्रीला हे पहिल्याच दिवशी सांगा, आणि बोअरची मोटर चालू करायची चावी आपल्या कमरेला ठेवा. भिंतीवर आधीच खार फुललेला असेल तर तो ओल्या फडक्याने पुसू नका; पाण्यात विरघळून पुन्हा आत जातो. कोरड्या ब्रशने झाडून काढा, सुटलेलं प्लॅस्टर पाडा, भिंत चांगली वाळू द्या, मग नवा हात.

भेगा

आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतातल्या भेगेत हात जातो, तीच माती घराखालीही आहे. त्यामुळे दाराच्या, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग दिसली की घाबरू नका, पण लगेच सिमेंटही भरू नका. भेगेच्या टोकाला पेन्सिलीने आडवी रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. पुढच्या ऋतूत भेग रेघेच्या पुढे गेली किंवा उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटली तर ती हलती आहे. तिच्यात सिमेंट टिकत नाही. लवचिक ॲक्रिलिक भराव मिळतो, तो भरायचा. वर्षानुवर्षं जागेवर असलेली भेग मात्र सिमेंटने बुजवा. भेग बोट जाईल एवढी असेल, किंवा भिंत एका बाजूला झुकलेली वाटत असेल, तर रंगाचे पैसेही वाचवा आणि आधी इंजिनिअरला दाखवा.

भेगेवरचा खरा इलाज घराबाहेर आहे. भिंतीलगत दोन-तीन फूट रुंद गिट्टी-सिमेंटचा पट्टा घाला, उतार बाहेर, नालीकडे. पायाजवळची माती एकदम भिजत नाही, एकदम वाळत नाही. आमच्याकडे दोन बाजूंना होता, तिसरी केली. चौथ्या बाजूला शेजाऱ्याचा कोठा आहे, तिथे काही इलाज नाही.

स्लॅब

आमचे मिस्त्री म्हणाले, "वहिनी, वरून एक केमिकलचा कोट मारून देतो, पाच वर्षं पाहाचं काम नाही." मी म्हटलं, "भाऊ, आधी पाणी कुठून येते ते तर पाहा." कोट मारणं हे शेवटचं काम आहे. गळती बहुतेक वेळा स्लॅबच्या मधून होत नाही. पाळीच्या बुडाशी, पाइपाच्या तोंडाशी आणि जिथे पाणी साचतं तिथे होते.

त्यामुळे क्रम असा. गच्ची झाडून तारेच्या ब्रशने घासा, शेवाळाचा काळा थर पूर्ण गेला पाहिजे. मागच्या पावसाळ्यात पाणी कुठे तुंबलं होतं त्याचे डाग दिसतात, त्यांना खडूने गोल करा. खालच्या छतावरचे ओलीचे डाग आणि वरचे गोल जुळतात का ते पाहा. भेगा छिन्नीने वरून रुंद, आत निमुळत्या अशा उघडा, धूळ काढा, आणि सिमेंटमध्ये लॅटेक्स घालून, डब्यावर लिहिलेल्या मापानेच, भरा. गच्ची आणि पाळ जिथे मिळतात त्या कोनात एकास तीन मालाने (एक भाग सिमेंट, तीन भाग रेती) गोल वाटा मारा, म्हणजे कोन भरून गोलसर उतार करा. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि निम्मी गळती तिथेच थांबते. पाण्याच्या पाइपाचं तोंड गच्चीपेक्षा वर राहिलेलं असतं, ते फोडून खाली घ्या आणि जाळी बसवा. आमच्याकडे दरवर्षी पिंपळाची पानं आणि एखादं चिमणीचं घरटं त्यात अडकायचं. साचण्याच्या जागी उताराचा पातळ थर द्या. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने.

आता ऊन. वॉटरप्रूफिंगवर पांढरा थर हवाच. उष्णता परतवणारा पांढरा रंग विकत मिळतो, काही वर्षं टिकतो, पण माझ्या पंधरा हजारांत तो बसत नव्हता. मी चुना मारला. कळीचा चुना लोखंडी पिंपात पाणी घालून रात्रभर विरवायचा. तो उकळतो, डोळ्यांत उडाला तर डोळा जातो, तेव्हा पोरांना लांब ठेवा. सकाळी जुन्या लुगड्यातून गाळायचा, थोडा फेव्हिकॉल मिसळायचा आणि तीन पातळ हात मारायचे. जुनी माणसं चुन्यात मीठ टाकायला सांगतात. आपल्या स्लॅबने आधीच पुरेसं मीठ खाल्लं आहे, टाकू नका. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी मार्चात पुन्हा मारावा लागतो. पण एका हाताचा खर्च पाचशेच्या आत-बाहेर असतो.

फरक कुठे कळतो, तर रात्री. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा वाजताही खाली आग ओकत असतो, पंखा तीच हवा खाली ढकलतो. चुन्यानंतर दुपारी गच्चीवर अनवाणी चार पावलं टाकता येतात, आणि रात्री वरच्या खोलीत गादी जमिनीवर टाकून झोपता येतं. पूर्वी गच्चीवर तुराट्यांचा मांडव घालायचे, सावली उत्तम पडायची. पण एक ठिणगी पडली की संपलं, शिवाय वैशाखातल्या वावटळीत तो शेजारच्या अंगणात जातो. त्यापेक्षा हिरवी शेडनेट बरी, निदान टाकीवर आणि पश्चिमेच्या भिंतीवर तरी.

कुलरची खिडकी

मुंबई-पुण्याकडच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण आमच्याकडे खोली पाहायला आलेला माणूस आधी कुलर कुठे बसेल ते पाहतो. ओटा नंतर, संडास नंतर. दवाखान्यातल्या एक सिस्टर जिना चढून आल्या, दोन्ही खिडक्यांतून बाहेर डोकावल्या आणि म्हणाल्या, "इथं बसते जी कुलर." खोली तिथेच ठरली.

कुलर बाहेरची हवा ओढतो, म्हणून तो सावलीच्या बाजूला, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीत हवा. पश्चिमेला ठेवला तर दुपारभर तापलेली हवाच ओढत बसतो. आत आलेल्या हवेला बाहेर जायला समोरच्या कोपऱ्यात वाट पाहिजे. आमच्या मोठ्या खोलीला दुसरी खिडकीच नव्हती, मग स्वयंपाकाच्या खोलीच्या दारावर झडपेची जागा फोडली आणि तिथली खिडकी उघडी राहील अशी जाळी बसवली. वाट नसली की खोलीत दमटपणा कोंडतो, अंगाला चिकचिक होते, आणि किरायदार म्हणतो कुलर खराब आहे.

खिडकीचा खालचा भाग कुलरच्या तोंडाच्या मापाने मोकळा करावा लागतो. वेल्डर ग्रील कापून देतो आणि पैसे घेऊन जातो; मग हिवाळ्यात कुलर काढला की चोराला आयती वाट. ग्रीलचा तो तुकडा बिजागरीवर लावून आतून कुलूप बसेल असा करून घ्या, आणि वरून लावायला प्लायची एक झडप. गच्ची लागून असेल तर स्टँडचा खर्च वाचतो, विटांचा ओटा पुरतो. भिंतीला लोखंडी स्टँड लावायचंच असेल तर ते भिंतीच्या आरपार बोल्टने कसा, खुंट्यांवर भरवसा ठेवू नका. पन्नास लिटर पाण्याचंच वजन पन्नास किलो, वर कुलरचं स्वतःचं. आणि कुलरखालचं सांडपाणी पाइपाने बाथरूमच्या मोरीत न्या, नाहीतर चुना मारलेल्या गच्चीवर रोज डबकं.

कुलर स्वतः द्यायचा की किरायदाराने आणायचा? मी देते, कारण खिडकीचं माप माझ्या कुलरचं आहे. पण टिनाचा देऊ नका. आमच्याकडे कुलरमध्ये बोअरचंच पाणी जातं, नळाचं गोड पाणी कोणी घालत नाही. त्या खाऱ्या पाण्याने टिनाची टाकी लवकर सडते. प्लॅस्टिकच्या बॉडीचा घ्या. कुलरच्या बाजूंना हवा येण्यासाठी लावलेल्या ताट्यांवरही पांढरी साय चढते, हवा अडते. मे अर्धा झाला की ताट्या बदलाव्या लागतात, हे किरायदाराला आधीच सांगून ठेवा. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करायला सांगा, डेंग्यूचे डास त्याच पाण्यात वाढतात.

वीज

इथे पैसा वाचवू नका. उन्हाळा आला की कुलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी वऱ्हाडात दरवर्षी वाचायला मिळते. पाणी, लोखंड आणि ओले पाय एका ठिकाणी येतात, आणि घराला अर्थिंग नसतं.

तीन गोष्टी करा. पहिली, जुनी वायर पूर्ण बदला. जोड देऊन भागवू नका. दिव्या-पंख्याला दीड एमएमची, प्लगला अडीचची, गिझर-शेगडीच्या पॉइंटला चारची, सगळी तांब्याची आणि आयएसआय शिक्क्याची. दुसरी, मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. वायरमन म्हणतो, एमसीबी आहे ना, मग काय गरज? एमसीबी जास्त करंटला पडून वायर वाचवते, करंट गळला की पडून माणूस आरसीसीबी वाचवते. तिच्यावर चाचणीचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून ती पडते का ते पाहायचं. तिसरी, अर्थिंग. काळ्या मातीत पावसाळ्यात ते उत्तम असतं, पण उन्हाळ्यात माती आकसून अर्थिंगसाठी पुरलेल्या पाइपापासून सुटते, आणि कुलर नेमका तेव्हाच चालतो. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून वर झाकण ठेवा आणि मार्चपासून दर आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओता. आमच्या खाऱ्या मातीत पाइप लवकर गंजतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी वायरमनकडून तपासून घ्या. कुलरचं बटण खिडकीपासून लांब, कोरड्या हाताने दाबता येईल असं असावं, आणि टाकी भरताना पिन काढूनच भरायची. मी हे बोर्डाच्या खाली रंगाने लिहूनच ठेवलं आहे.

मीटर वेगळं घ्या. एका मीटरवर दोन घरं चालली की दोघांचे युनिट एकत्र मोजले जातात, १०० युनिटांचा स्वस्त टप्पा एकदाच मिळतो आणि वरचे सगळे महागात पडतात. महावितरणला वरच्या खोल्यांसाठी स्वतंत्र जोडणीचा अर्ज करा. भांडण वाचतं ते वेगळंच.

बाथरूम, टाकी

वरचं बाथरूम गळलं तर ते आपल्याच डोक्यावर. टाइल्स लावण्याआधी मोरीचं तोंड बोळ्याने बंद करून दोन इंच पाणी भरा, एक दिवस-रात्र राहू द्या आणि खालच्या छतावर ओल येते का पाहा. मिस्त्रीला घाई असते. ही चाचणी झाल्याशिवाय टाइल्सचे पैसे देऊ नका. उतार फुटाला पाव इंच, मोरीकडे. जमिनीवर खडबडीत टाइल, भिंतीवर पाच फुटांपर्यंत कोणतीही. अकोल्याला, अमरावतीला मोठ्या दुकानांत उरलेले लॉट अर्ध्या किमतीत पडून असतात, पाच-सात पेट्यांचे. दोन रंग झाले तर झाले. चकचकीत नळ घेऊ नका, खाऱ्या पाण्याने लवकरच पांढरे होतात आणि मग सुटतही नाहीत. चांगल्या प्लॅस्टिकचे घ्या.

टाकी हजार लिटरची लागते, कारण नळ रोज येत नाही. पण हजार लिटर म्हणजे एक टन वजन. ती स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, खाली भिंत किंवा बीम असेल तिथेच ओटा करा. मे महिन्यात दुपारी नळाखाली हात धरवत नाही, म्हणून टाकीला बारदाना गुंडाळून वर जाळी. पिण्याच्या पाण्यासाठी आम्ही नळ येतो त्या वेळी खालून थेट एक पाइप वर नेला आहे, त्यावर माठ भरतो.

बाकी थोडक्यात

फरशी बदलू नका. आमची जुनी शहाबादी आहे, सांधे उकरून पुन्हा भरले, मशिनने घासून घेतली. नव्या टाइल्सचा खर्च माल आणि मजुरी धरून फुटाला ८०-९० रुपये गेला असता, दोनशे फुटांचे सतरा हजार, आणि दारं खालून तासावी लागली असती. शहाबादी उन्हाळ्यात पायाला थंडही लागते. ओट्याला कडप्पा पुरे, ग्रॅनाइट कशाला. सिलिंडर ठेवाल त्या कप्प्याला जमिनीलगत एक भोक ठेवा, गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खालीच साचतो. दारं जुन्या सामानाच्या दुकानातून सागवानी घ्या, पण चौकटीच्या बुडाशी ठोकून पाहा. पोकळ आवाज आला की उधळी (वाळवी) आहे.

रंग म्हणजे आत फिका डिस्टेंपर, खालच्या तीन फुटांना ऑइलपेंट, कारण किरायदार भिंतीला टेकतो, सायकल टेकवतो, पोरं हात पुसतात. पुट्टी फक्त उखडलेल्या जागी. छताला नुसता चुना. संपलं.

कागद

गावात कोणी करार करत नाही, "आपलाच माणूस आहे" म्हणतात. तुम्ही करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, जिथे लागू आहे तिथे त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदला नाही तर ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, किरायदार सांगेल तीच अट खरी धरतात. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करा, मुद्रांक शुल्क पाव टक्काच असतं, नोंदणीची फी वेगळी. ऑनलाइन होतो, तालुक्याला करून देणारेही आहेत. किरायदाराची माहिती आणि आधारची प्रत पोलीस ठाण्यात द्या.

करारात दोन महिन्यांचं डिपॉझिट, मीटरचं वाचन आणि त्याचा फोटो, आणि कुलरचा एक परिच्छेद घाला: पंप आणि मोटर बिघडली तर मालकाने, ताट्या किरायदाराने. आमच्याकडे हा परिच्छेद घातल्यापासून उन्हाळ्यात जिन्यावरून हाक येते ती "काकू, पाणी आलं का नळाला?" एवढीच.